गाडी अडली, माणूस अडू देऊ नका: फोर-व्हील-ड्राइव्ह अचानक बंद पडते तेव्हा

नेरवरून बोलतोय. नेर परसोपंत, जिल्हा यवतमाळ. जे पहिल्यांदा ऐकतायत त्यांच्यासाठी सांगतो: मी बी.टेक. केलेला, सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा मुलगा. दिवसभर लॅपटॉपवर दुसऱ्यांच्या प्रोग्राममधले बग शोधतो आणि रविवारी गाडीच्या खाली सापडतो. आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मेसेज करून मागितला होता. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी रस्त्यात, शेतात, नाल्याजवळ अचानक बसली तर करायचं काय?

आधी एक गोष्ट. आपल्याकडे फोर-बाय-फोर हा फक्त रीलचा विषय नाही. नेर तालुक्यात जून ते सप्टेंबर पांदणीनं जाऊन बघा. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते, चाकाला चिकटते आणि टायरच्या खाचा भरून टाकते. मग टायर टायर राहत नाही, गुळगुळीत रूळ होतो. म्हणून आपल्याकडे जुनी जीप, पिकअप, आणि २ ऑक्टोबर २०२० ला नवी थार आल्यापासून तर पोरांच्या डोक्यात फोर-बाय-फोरच. घ्या, काही हरकत नाही. पण या गाडीबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय: चार चाकं ओढतात म्हणजे गाडी कधी अडणारच नाही. खरं म्हणजे चार चाकं ओढतात म्हणजे मोडण्यासारखे भाग जास्त. दोन प्रोपेलर शाफ्ट, दोन डिफरन्शियल, मध्ये ट्रान्सफर केस. टू-व्हील-ड्राइव्ह गाडी जिथे थांबते, त्याच्या एक किलोमीटर पुढे जाऊन ही थांबते. आणि तो एक किलोमीटर बहुतेक वेळा क्रेन न पोचणारा असतो.

आता आपल्या आपल्या घरातली एक गोष्ट सांगतो, कारण आजचा मुख्य मुद्दा तिच्यातच आहे.

मागच्या श्रावणातली गोष्ट. मोठ्या काकांची जुनी फोर-बाय-फोर, वय बारा वर्षं. आजीला शेतातल्या घरून घेऊन निघालो होतो. आजीचं डायलिसिस असतं आठवड्यातून दोनदा, यवतमाळला. वेळ ठरलेली. चुकली की पुढच्या पाळीला बसवतात, आणि तोपर्यंत तिच्या पायांना सूज चढते. रात्री पाऊस झालेला. पांदणीवरून नाल्याकडे उतरताना मागून 'खाड्' असा आवाज आला, नंतर दोन-तीन ठोके, आणि गाडीनं ओढणं सोडलं. इंजिन चालू. क्लच दाबतोय, गेअर पडतोय, अॅक्सिलरेटर दिला की इंजिन ओरडतंय. स्पीडोमीटरचा काटासुद्धा हलतोय. गाडी मात्र जागची हलत नाही.

चुलत भाऊ लगेच खाली उतरला आणि टॉर्च घेऊन गाडीखाली शिरायला निघाला. काका ओरडले, "थांब बे! आधी चाकाले दगड लाव. मंग बोल."

त्या वेळी तो थोडा चिडला. हँडब्रेक ओढलेला होता, गाडी पहिल्या गेअरमध्ये होती, आता अजून दगड कशाला? पण काकांचं बरोबर होतं, आणि त्यामागचं कारण प्रत्येक फोर-बाय-फोरवाल्याला माहीत असलं पाहिजे.

ऐका नीट. आपण उतारावर गाडी गेअरमध्ये टाकतो तेव्हा गाडीला धरून कोण ठेवतं? इंजिन. इंजिन ते चाक ही जी साखळी आहे, इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल, अॅक्सल, चाक, ती अखंड असली तरच गेअर गाडी धरतो. गाडी टू-एच मध्ये असताना मागचा शाफ्ट तुटला, की साखळी तुटली. मग तुम्ही पहिला गेअर टाका नाहीतर ऑटोमॅटिकचा 'पी' टाका, चाकांना त्याचा पत्ताच नाही. ट्रान्सफर केसचा लिव्हर न्यूट्रलला राहिला तरी हेच होतं. आणि काही जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो. शाफ्ट गेला की हँडब्रेकही गेला! म्हणजे ज्या दोन गोष्टींवर आपला भरवसा, त्या दोन्ही एकाच तुकड्यावर उभ्या. आमच्या कामात याला एकच नाव आहे: एक जागा बिघडली की सगळं बसतं. दगड मात्र कुठल्याच साखळीवर अवलंबून नसतो.

म्हणून नियम पहिला: काहीही मोडलं असो, उताराच्या बाजूनं दोन चाकांना दगड किंवा लाकडाचा ठोकळा. त्याशिवाय कोणीही खाली जायचं नाही, आणि कोणी खाली असताना गाडीत बसायचं नाही, लिव्हर हलवायचा नाही.

आता नियम दुसरा, जो आजच्या एपिसोडचा गाभा आहे. त्या सकाळी आमच्यासमोर दोन प्रश्न होते, पण ते एकच असल्यासारखे वाटत होते. एक, गाडी कशी दुरुस्त करायची. दोन, आजी यवतमाळला कशी पोचवायची. गाडी बंद पडली की डोकं हे दोन्ही प्रश्न एकत्र बांधतं. 'गाडी सुरू झाली की निघू.' पाच मिनिटं, अजून पाच मिनिटं, करता करता दीड तास जातो. काकांनी गाडीखाली बघायच्या आधी फोन लावला तो शेजारच्या वावरातल्या ट्रॅक्टरवाल्याला. आजीला ट्रॉलीत गादी टाकून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं, तिथं ओळखीची एक कार बोलावून ठेवली होती, आई तिच्यासोबत गेली. पंचवीस मिनिटांत आजी आमच्या प्रश्नातून बाहेर. मग आम्ही शांतपणे गाडीकडे वळलो. आणि शांत डोक्यानं गाडी बघणं आणि घड्याळाकडे बघत गाडी बघणं यात किती फरक पडतो, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल.

तेव्हा लक्षात ठेवा: माणसाचा प्रवास वेगळा, गाडीची दुरुस्ती वेगळी. पेशंट, लहान मूल, म्हातारं माणूस, परीक्षेला निघालेलं पोरगं, कोणी असेल तर आधी त्याची सोय. तब्येत गंभीर असेल तर १०८. अपघात, धोका, पूर असं काही असेल तर ११२. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३.

आणि जागा सांगताना? शेतात गूगल लोकेशन पाठवायला नेट नसतं. फोन लागत नसला तरी एसएमएस बऱ्याचदा निघून जातो. आपल्याकडे गट नंबरपेक्षा 'अमक्याच्या विहिरीपासून पुढे, आंब्याजवळ' हे लवकर कळतं. तेच लिहा. फोनची बॅटरी जपा. गाडीखालचा उजेड वेगळ्या टॉर्चनं करा, फोन बोलायला ठेवा.

आता निदान. बिघाड अचानक आला की पहिला प्रश्न: शेवटी काय ऐकलं, काय दिसलं, काय वास आला? हे आठवेपर्यंत हात लावू नका.

आवाज झाला, इंजिन फिरतंय आणि गाडी हलत नाही, तर बिघाड इंजिनच्या नंतर आहे: क्लच, शाफ्ट, अॅक्सल. जळका वास आणि गाडी हळूहळू ओढ सोडत गेली, तर बहुधा क्लच. 'खाड्' आणि ठोके, तर शाफ्ट किंवा त्याचा क्रॉस. क्रॉस म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, चार टोकांचा लोखंडी प्लस. आमचा तोच गेला होता.

टेम्परेचरचा काटा वर गेला, तर गाडी थांबवा, इंजिन बंद, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, ते तोंडावर येतं.

इंजिन पाण्यातून जाताना बंद पडलं, तर सेल्फ मारू नका. पुन्हा सांगतो, सेल्फ मारू नका. हवेच्या वाटेनं सिलेंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कारण पाणी दबत नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो. जे काम एअर फिल्टर सुकवून झालं असतं, त्याचं इंजिनचं काम होतं.

आणि डॅशबोर्डवर फोर-बाय-फोरचा दिवा लुकलुकतोय, गाडी रडतखडत चालतेय, पण आवाज काहीच नाही, तर नव्या गाडीत तो बहुधा सेन्सर किंवा वायरिंगचा मामला. इथं आपला फोन कामाला येतो. २००० रुपयांच्या आत ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर मिळतो, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायचा आणि अॅपवर कोड वाचायचा. पण कोड म्हणजे निदान नाही, तक्रार आहे. समजा पी००८७ आला. त्याचा अर्थ इंधनाचा दाब कमी. तो फिल्टर तुंबल्यानं कमी असेल, डिझेलमध्ये पाणी असेल, पंप गेला असेल. कोड बघून थेट पंप बदलायला निघालात तर खिसा रिकामा आणि दिवा तसाच. आधी स्वस्त आणि सोपं तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदला, मग बघा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुरू झाली, तर दुरुस्त कशानं झाली हे कधीच कळत नाही.

परत आमच्या शाफ्टकडे. इथं फोर-बाय-फोरचा खरा फायदा आहे. मागचा शाफ्ट तुटला म्हणजे मागची वाट बंद. पुढची वाट शाबूत आहे. तर मागचा शाफ्ट पूर्ण काढायचा, लिव्हर फोर-एचला टाकायचा, आणि गाडी फक्त पुढच्या चाकांवर घरी न्यायची. हो, चालते. पण अटी आहेत.

एक. अर्धवट लटकणारा शाफ्ट ठेवून गाडी हलवायची नाही. त्याचं पुढचं टोक खाली पडलं आणि जमिनीत रुतलं, तर पुढे जाणारी गाडी त्याच्यावर उचलली जाऊ शकते. पूर्ण काढा. दोन. शाफ्ट दोन्ही टोकांना बोल्टनं बसवलेला आहे का बघा. काही गाड्यांत एक टोक ट्रान्सफर केसमध्ये सरकवलेलं असतं. ते बाहेर ओढलं की तिथून ऑइल वाहतं. तशी गाडी असेल तर हा उपाय सोडा, टोइंग बोलवा. तीन. काढण्याआधी जोडावर खडूनं किंवा पेंटनं खूण करा, म्हणजे परत त्याच जागी बसेल. नाहीतर थरथर सुरू होते. चार. फोर-एलला टाकायचं नाही. लो रेंजमध्ये ताकद वाढते, आणि ती सगळी एकट्या पुढच्या अॅक्सलवर येते. तोही मोडला की खेळ संपला. पाच. हळू. आम्ही तीसच्या वर गेलो नाही.

उलट पुढचा शाफ्ट गेला असेल, तर सोपं आहे: तो काढा, टू-एचला या, आणि चिखल टाळून निघा.

काम करताना जॅक. काळ्या मातीत जॅक सरळ खाली जातो, गाडी वर येत नाही. खाली जाड फळी टाका. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, दोन मिनिटांसाठीसुद्धा, जायचं नाही. स्टेपनी काढून चेसिसखाली आडवी सरकवा. जॅक निसटला तरी माणसाला जागा राहते. आमच्याकडे गाडी उंच होती, पाने होते, दगड होते, त्यामुळे न उचलताच चार-चार बोल्ट निघाले. पाऊण तास लागला. चिखल सोडा, पण अंगाला काही झालं नाही.

टोइंगबद्दल दोन शब्द, कारण आपल्याकडे टोइंग म्हणजे ट्रॅक्टर. दोर बंपरला नाही, चेसिसच्या हुकला. साखळी आणि वायररोप शक्यतो नको; रुंद पट्टा घ्या. मधोमध ओलं गोणपाट टाका, म्हणजे तुटला तर उसळणार नाही. बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करा. व्हिडिओ काढणाऱ्याला आधी. ओढल्या जाणाऱ्या गाडीची चावी ऑन ठेवा, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं. इंजिन बंद असेल तर ब्रेक दोन-तीनदाच हलका लागतो, नंतर दगडासारखा कडक होतो. जोर लावायची तयारी ठेवा. गिअर आणि ट्रान्सफर केस दोन्ही न्यूट्रल. आणि क्रेनवाला दोन चाकं उचलून दोन जमिनीवर ठेवणार असेल, तर आधी गाडीचं मॅन्युअल बघा. कायम चारही चाकं जोडलेल्या गाडीला तसं ओढलं तर आतले गिअर जातात. तिला सपाट ट्रकच लागतो.

मोठ्या रस्त्यावर बंद पडलात तर हिशेब वेगळा. समृद्धी महामार्ग आपल्या शेजारी, नांदगाव खंडेश्वरकडून जातो. तिथं गाड्या ताशी १२० किलोमीटरनं येतात, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. तुमचा लाल त्रिकोण ५० मीटरवर असेल तर मागच्याला दीड सेकंद मिळतो. दीड सेकंदात माणूस काय करणार? त्रिकोण शंभर मीटरच्या पुढे ठेवा, आणि त्याच्या भरवशावर गाडीत बसून राहू नका. डाव्या दारानं उतरा, कठड्याच्या पलीकडे उभे राहा. बोनेट उघडून सेल्फी नको.

आणि नाला. इथं मी कडक बोलणार आहे. थारची पाण्यातून जायची क्षमता कंपनी ६५० मिलिमीटर सांगते. ती संथ पाण्याची, हळू गाडीची. वाहत्या पुराची नाही. ढोबळ हिशेब करा: चार मीटर लांब, पावणेदोन मीटर रुंद गाडी, म्हणजे सात चौरस मीटर. तळाच्या वर २५ सेंटिमीटर पाणी आलं की पावणेदोन टन पाणी बाजूला सारलं गेलं. गाडीचं वजनच तेवढं! म्हणजे आत पाणी शिरेपर्यंत गाडी जवळजवळ होडी. त्याच्या आधीच टायरची पकड सुटते. फोर-बाय-फोर चाकांना ताकद देतं, वजन देत नाही. २८ सप्टेंबर २०२१ ला आपल्याच जिल्ह्यात, उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्यात एसटी बस वाहून गेली, माणसं गेली. तुमच्या गाडीच्या कितीतरी पट वजनाची बस. पुलावरून पाणी जात असेल तर थांबायचं. बस्स.

आता कोणी म्हणेल, नीट चालवली, सर्व्हिसिंग केलं की काही मोडत नाही. तसंही नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये महिंद्रानं नव्या थारच्या १,५७७ डिझेल गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. ७ सप्टेंबर ते २५ डिसेंबर २०२० मध्ये बनलेल्या. कारण, पुरवठादाराच्या कारखान्यातल्या मशीनच्या अलाइनमेंटमधला दोष, ज्याचा परिणाम इंजिनच्या कॅमशाफ्टवर झाला असू शकत होता. कंपनीनं स्वतः शोधून सांगितलं आणि पार्ट फुकट बदलले, ही चांगलीच गोष्ट. पण मालकानं कितीही जपलं असतं तरी आतला कॅमशाफ्ट त्याला दिसला नसता. म्हणून जुनी गाडी घेताना चेसिस नंबर देऊन विचारा: या नंबरवर रिकॉल होता का, आणि काम झालंय का? पहिल्या मालकाचा फोन नंबर बदललेला असतो, मेसेज त्यालाच जातो, आणि गाडी तुमच्याकडे असते.

जे दिसतं ते मात्र आपणच बघायचं. क्रॉस एका दिवसात मरत नाही. पुढचा गेअर सोडून रिव्हर्स टाकताना खालून 'टक्' येतो. ठरावीक स्पीडला सीटखाली थरथर येते. क्रॉसच्या टोपीभोवती गंजाची तांबडी भुकटी दिसते. म्हणजे आतलं ग्रीस धुऊन गेलं. चिखलात, पाण्यात चालणाऱ्या गाडीला ग्रीस लवकर लागतं. निप्पल असेल तर पावसाळ्यात महिन्यातून एकदा ग्रीसगन लावा. गाडी थंड, सपाट जागा, चाकांना दगड, आणि शाफ्ट हातानं पिळून बघा. क्रॉसमध्ये ढिलेपणा जाणवला तर बदला. क्रॉस काही शे रुपयांचा असतो. तो तुटून शाफ्ट आपटला तर बिल हजारांत जातं.

गाडीत काय ठेवायचं? पान्यांचा संच, रुंद टोइंग पट्टा, दोन लाकडी ठोकळे, एक फळी, टॉर्च, त्रिकोण, पाच लिटर पाणी, पॉवर बँक. आणि कागदावर, हो, कागदावर, तीन नंबर: मेकॅनिक, जवळचा ट्रॅक्टरवाला आणि अशी एक व्यक्ती जी तुमच्या घरच्या माणसाला घेऊन निघेल. विम्यात रोडसाइड असिस्टन्स घेतला असेल तर एकदा वाचून घ्या की डांबरी रस्ता सोडल्यावर तो लागू आहे का.

आजी त्या दिवशी वेळेत पोचली. तिची पाळी चुकली नाही. आम्ही दुपारी गाडी घेऊन पोचलो तर तीच मला विचारते, "जेवले का रे तुम्ही?"

तर मंडळी, एवढंच. आज संध्याकाळी गाडीखाली एकदा बघा. काय सापडलं ते कळवा, फोटो पाठवा. पुढच्या भागात तुमच्या प्रश्नांची उत्तरं घेऊ. आणि ज्याच्याकडे फोर-बाय-फोर आहे आणि जो दगड न लावता खाली शिरतो, त्याला हा एपिसोड पाठवा. भेटू पुढच्या रविवारी. जपून चालवा.